शांत परिसर, दोन बेडरूम आणि सोसायटीचे कागद : वाचकांचे प्रश्न

गणपतीच्या सुट्टीत गावी आलेली मंडळी घरे पाहतात आणि दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे पत्रे येतात, असा दरवर्षीचा क्रम आहे. या वेळची बहुतेक पत्रे नव्या प्रकल्पांविषयी नसून सहकारी गृहनिर्माण संस्थांमधील जुन्या, पुनर्विक्रीच्या सदनिकांविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या बाजूला एका सोसायटीतील दोन बेडरूमची सदनिका आम्हाला पसंत पडली आहे. इमारत तीन मजली, सुमारे बावीस वर्षांची असून सदनिका सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. परिसर अगदी शांत आहे. शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्या गृहस्थांच्या नावावर आहे. एजंटचे म्हणणे असे, की रजिस्टर्ड सोसायटी असल्याने कागदपत्रांची चिंता करण्याचे कारण नाही. आम्ही आणखी काय पाहावे? (एक वाचक, लांजा)

उत्तर : एजंटचे म्हणणे अर्धेच खरे आहे. सोसायटी नोंदणीकृत असणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या नोंदणीचा अर्थ एवढाच, की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सभासदांची एक संस्था अस्तित्वात आली. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती जमीन त्या संस्थेच्या मालकीची झाली आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. मला विचाराल तर आपण सर्वप्रथम पाहावी ती हीच गोष्ट, कारण सदनिकेच्या भिंती पुढे दुरुस्त करता येतात, जमिनीचे राहून गेलेले काम मात्र वर्षे जातील तसे अवघड होत जाते.

मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या कायद्यानुसार, ज्याला आपण मोफा म्हणतो, बांधकाम व्यावसायिकाने सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांच्या आत जमीन आणि इमारत यांचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे करून देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पंधरा-वीस वर्षे उलटली तरी ते न झालेल्या इमारती कोकणातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतात. आपण त्या इमारतीच्या भूखंडाचे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा काढून घ्यावा आणि भोगवटादार म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते पाहावे. तेथे सोसायटीचे नाव असेल तर मोठी काळजी मिटली. मूळ जमीनमालकाचे किंवा त्याच्या वारसांचे नाव असेल, तर कन्व्हेयन्स झालेला नाही किंवा झाला असूनही त्याची नोंद घेतलेली नाही, असे समजावे. अशा वेळी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येते. कायद्यात तशी दुरुस्ती झालेली आहे आणि बिल्डर सापडत नसला किंवा दाद देत नसला तरी ती वाट खुली असते. मात्र तो अर्ज एकट्या सभासदाने नव्हे, तर सोसायटीने करायचा असतो. म्हणून आपण सचिवांना सरळ विचारावे, की हा विषय सर्वसाधारण सभेत कधी आला होता का, ठराव झाला का, वकील नेमला का. उत्तर गुळमुळीत आले तर व्यवहार मोडलाच पाहिजे असे नाही, पण किंमत ठरवताना ही गोष्ट धरूनच बोलावे.

आता शेअर सर्टिफिकेटविषयी. ते हातात घेऊन उलटून पाहावे. पुढच्या बाजूला सहसा प्रत्येकी पन्नास रुपयांच्या दहा भागांचा उल्लेख, अनुक्रमांक, सोसायटीचा शिक्का आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. खरा मजकूर मागच्या बाजूला असतो. तेथे हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो आणि आजवर सदनिका ज्यांच्या ज्यांच्या हातून गेली त्यांची नावे, तारीख आणि सह्या त्यात क्रमाने लिहिलेल्या असतात. त्या तक्त्यातील प्रत्येक नावामागे एक नोंदणीकृत दस्त असला पाहिजे. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला करून दिलेला करार, पहिल्याने दुसऱ्याला दिलेले खरेदीखत, आणि याच क्रमाने आजच्या मालकापर्यंतचे सर्व दस्त मूळ स्वरूपात, त्यांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या गोषवाऱ्याच्या, म्हणजे इंडेक्स टूच्या) प्रतींसह मागून घ्यावेत. मधला एखादा दस्त केवळ नोटरीसमोर केलेला असेल तर तेथे साखळी तुटली असे समजावे. शंभर रुपये आणि त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही आणि सोसायटीने नाव लावले म्हणून ती उणीव भरून निघत नाही. मूळ दस्त हरवला असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. परंतु तो खरोखर हरवला आहे की एखाद्या पतसंस्थेकडे तारण पडला आहे, याची खात्री करण्यासाठी पोलिसांकडील तक्रार आणि स्थानिक दैनिकातील जाहीर सूचना या दोन्हींचा आग्रह धरावा. एखाद्या माहीतगार वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल (मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला) घेण्याचा खर्च घराच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ असतो आणि तो वाचवू नये.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास दिलेली परवानगी, हा तिसरा कागद. थिबा राजवाड्याचा भाग नगर परिषदेच्या हद्दीत येत असल्याने मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नगर परिषदेकडून मिळालेले असले पाहिजे. शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत सदनिका पाहणाऱ्यांनी बिनशेती आदेश आणि सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर केलेला बांधकामाचा नकाशा मागावा. ग्रामपंचायतीची घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम नियमित झाले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कर आकारणी ही वेगळी गोष्ट, बांधकाम परवानगी ही वेगळी.

कागदांइतकेच महत्त्व मी इमारतीला देईन, कारण आपली सदनिका सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शक्य असेल तर विसार देण्यापूर्वी एकदा भर पावसात ती सदनिका पाहावी. ते जमत नसेल तर निदान छताकडे नीट पाहावे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात क्षार असतात. ते ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपत जाऊन आतल्या सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजू लागते, गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेते आणि त्या दाबाने बाहेरचे काँक्रीट फुटते. याची पहिली खूण म्हणजे स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत सरळ गेलेली बारीक चीर आणि तिच्या कडेने उतरलेला तांबूस डाग. नंतर तेथेच पोपडा सुटतो. विक्रीपूर्वी दिलेला नवा रंग हे सारे झाकून टाकतो, म्हणून रंगवलेल्या खोलीपेक्षा न रंगवलेल्या जागा अधिक बोलक्या असतात. बाल्कनीच्या छताची खालची बाजू, खिडक्यांवरचे छज्जे, जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावरची तुळई, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा तळ आणि स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या जागेतील) खांबांचे पाय ही ठिकाणे टॉर्च घेऊन पाहावीत. स्लॅबवर ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज येतो का, हे ओळखीचा गवंडीही सांगू शकेल.

गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातलेला असेल तर तो कोणत्या परवानगीने घातला आणि त्याचे नट-बोल्ट, हुक शेवटचे कधी बदलले, तेही विचारावे. २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत आणि २०२१ च्या तौक्ते वादळात रत्नागिरी-सिंधुदुर्गात किती पत्रे उडाले, हे येथे सर्वांनी पाहिलेले आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या दृष्टीने तो पत्रा म्हणजे छत्रीच आहे. पण ती भक्कम असली पाहिजे.

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करून घ्यायचे असते. आपली इमारत बावीस वर्षांची आहे, म्हणजे एक अहवाल तरी दप्तरात असायला हवा. तो वाचायला मागावा. त्यासोबत गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त पाहायला मिळाले तर आपल्याला त्या घरात पुढची दहा वर्षे कशी जातील याचा बराच अंदाज येईल. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का जमा करावा, असे उपविधी सांगतात. महिन्याचा मेंटेनन्स कमी आहे ही गोष्ट विकणारा कौतुकाने सांगतो, पण हे दोन निधी न जमवल्यामुळे तो कमी असेल तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघेल त्या वर्षी प्रत्येक सभासदाला एकरकमी मोठी रक्कम भरावी लागेल, आणि तेव्हा सभासद आपण असाल.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगून हे उत्तर पुरे करतो. क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेतच, विचारावे. जुन्या व्यवहारांत बिल्टअप आणि सुपर बिल्टअप असे आकडे सर्रास सांगितले जातात आणि त्यांत जिना, भिंती, कधी कधी गच्चीचा वाटाही धरलेला असतो. आणि स्टिल्टमधील गाडीची जागा ‘विकत घेतलेली’ आहे, तिचे वेगळे पैसे द्या, असे कोणी म्हणाल्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी हा निकाल आठवावा. खुली किंवा स्टिल्टमधील पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. तिचे वाटप सोसायटी करते. म्हणून पार्किंगविषयी विकणाऱ्याच्या शब्दावर न थांबता सोसायटीचे लेखी पत्र घ्यावे.

प्रश्न : जाहिरातीत ‘शांत, निवांत परिसर’ असे लिहिले होते आणि तसा तो आहेही. आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा बारा सदनिकांपैकी दोन-तीन ठिकाणीच दिवे होते. ही जमेची बाजू मानावी का? सदनिका पहिल्या मजल्यावर आहे. (एक वाचक, देवरुख)

उत्तर : शांतता हवीच, विशेषतः उतारवयात. मात्र ती कशामुळे आहे, हे आधी समजून घ्यावे. रस्ता आतला आहे, बाजारपेठ दूर आहे, शेजारी आंब्याची कलमे आहेत म्हणून असलेली शांतता वेगळी आणि मालक मुंबई-पुण्याला असल्यामुळे दारांना कुलपे आहेत म्हणून असलेली शांतता वेगळी. कोकणातील अनेक सोसायट्यांमध्ये दुसरा प्रकार असतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरती इमारत गजबजते, एरवी दोन-तीन कुटुंबेच तेथे राहतात.

अशा सोसायटीत काय घडते, ते पाहा. सभा बोलावली तर गणपूर्ती होत नाही, झाली तर आलेल्या तिघा-चौघांवरच सर्व पदे येतात आणि पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, सफाई, बँकेचे काम हे सारे एकाच निवृत्त गृहस्थाच्या गळ्यात पडते. बाहेरगावच्या सभासदांकडून मेंटेनन्स वेळेवर येत नाही. थकबाकी वसूल करण्यासाठी सहकार कायद्यात वसुली दाखल्याची तरतूद आहे, परंतु शेजारधर्म आड येतो आणि अर्ज करायला कोणी धजावत नाही. आपण थकबाकीदारांची यादी मागावी. ती लेखापरीक्षण अहवालासोबत असते. एकूण वर्षाच्या मागणीच्या मानाने थकबाकी मोठी दिसली तर ती इमारत कशी चालते आहे, ते वेगळे विचारण्याची गरज उरत नाही.

पहिल्या मजल्यावरील सदनिकेच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. वरच्या बंद सदनिकेत नळ गळू लागला किंवा न्हाणीघराची जाळी तुंबली, तर पाणी आपल्या छतातून उतरते आणि कुलूप उघडायला माणूस बोरिवलीहून यावा लागतो. गळतीची जबाबदारी कोणाची, याबाबत उपविधी स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक नळांची आणि सांडपाण्याच्या पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याने वरच्या मजल्यावरील छताचा गिलावा बिघडला तर तोही सोसायटीच्याच खर्चाने करायचा असतो. एखाद्या सदनिकेच्या आतील न्हाणीघर, शौचालय किंवा सिंक यांमुळे होणारी गळती मात्र त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. म्हणून न्हाणीघराच्या छतावर आणि त्याला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर हात फिरवून पाहावा, आणि वरच्या सदनिकेची किल्ली येथे कोणाकडे ठेवलेली असते, हे सचिवांना विचारावे. प्रश्न साधा वाटेल, पण त्याच्या उत्तरावरून शेजाऱ्यांचे परस्परसंबंध लगेच लक्षात येतात.

परिसराची शांतता पुढेही टिकेल का, हे नगर परिषदेच्या विकास आराखड्यावरून कळते. आज घरामागे दिसणारी झाडी ही एखाद्या नियोजित रस्त्याच्या आरक्षणावर असू शकते किंवा निवासी क्षेत्रात असल्याने तेथे उद्या इमारत उभी राहू शकते. भूखंडाचा झोन दाखला (तो कोणत्या वापराच्या क्षेत्रात येतो ते सांगणारा) काढावा आणि शेजारच्या दोन-तीन भूखंडांवरील आरक्षणेही पाहून घ्यावीत. पाण्याचे मात्र आराखड्यात कळत नाही. सोसायटीत विहीर किंवा बोअरवेल आहे का, मे महिन्यात तिला पाणी राहते का आणि टँकर मागवावा लागतो का, हे तेथे बारा महिने राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला विचारावे. सुट्टीत येणाऱ्या मालकाला त्याची खरी कल्पना नसते.

यावरून ती सदनिका घेऊ नये, असे मला म्हणायचे नाही. आपण स्वतः तेथे कायम राहणार असाल, समितीवर काम करण्याची तयारी असेल आणि इमारत सुदृढ असेल, तर अशाच सोसायट्यांना आपल्यासारख्या सभासदांची सर्वांत अधिक गरज आहे.

प्रश्न : आम्ही घेत असलेली सदनिका मूळ ज्यांच्या नावे होती ते गृहस्थ वारले. त्यांनी मुलाचे नॉमिनेशन केले होते आणि सोसायटीने सदनिका मुलाच्या नावावर केली आहे. त्यांच्या पत्नी हयात आहेत, एक मुलगी चिपळूणला आणि एक ऑस्ट्रेलियात आहे. मुलगा एकटाच सही करून विक्री करू शकेल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : नाही, आणि या प्रश्नावर आपण थांबलात हे फार चांगले केलेत. नामनिर्देशित व्यक्ती ही सोसायटीच्या दृष्टीने व्यवहार पाहणारी व्यक्ती असते. ती केवळ नामनिर्देशनामुळे मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही प्रकरणात सांगितले, की सोसायटीने नामनिर्देशनाप्रमाणे भाग वर्ग करावेत, परंतु त्यामुळे इतर वारसांचा मिळकतीवरील हक्क नष्ट होत नाही. आपल्याकडे २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्यातही नामनिर्देशित व्यक्तीला वारसांची नावे लागेपर्यंत तात्पुरता सभासद म्हणूनच घेण्याची तरतूद आहे.

मृत्युपत्र नसेल आणि सदनिका त्या गृहस्थांची स्वकष्टार्जित असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि दोन्ही मुली यांना समान वाटा मिळतो. गृहस्थांची आई हयात असेल तर तिलाही मिळतो, आणि ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. मुलींची लग्ने झाली असली तरी त्यांचा वाटा कमी होत नाही. तेव्हा एक तर इतर सर्व वारसांनी मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यावे आणि मग मुलाने विक्री करावी, किंवा सर्वांनी मिळून खरेदीखतावर विकणारे म्हणून सह्या कराव्यात.

ऑस्ट्रेलियातील मुलीला येणे शक्य नसेल तर ती तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवू शकेल. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्रात हीच सदनिका, हाच व्यवहार, असा नेमका उल्लेख असावा. ती अनिवासी म्हणून विक्रीत सहभागी झाली तर तिच्या वाट्याच्या रकमेवर आयकराची कपात वेगळ्या, चढ्या दराने करावी लागते आणि ती जबाबदारी खरेदीदार म्हणून आपली असते. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत पन्नास लाख आणि त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारालाच एक टक्का कपात लागू होते. अनिवासी विक्रेत्याला ती पन्नास लाखांची सवलत नाही. त्यामुळे या कामी सनदी लेखापालाचा सल्ला आधीच घ्यावा.

आई वृद्ध आहेत, मुलींची हरकत नाही, घरचेच प्रकरण आहे, असे तोंडी सांगितले जाईल. ते खरेही असेल. तरीही विसारापोटी मोठी रक्कम देण्यापूर्वी सर्वांच्या सह्या झालेल्या असाव्यात.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये राहणारा माझा भाचा सांगतो, की तिकडे ‘को-ऑप’मध्ये घर घेणारा घराचा मालक नसतोच, त्याला फक्त कंपनीचे शेअर मिळतात आणि मंडळाने मुलाखत घेऊन नापसंत केले तर घर घेताच येत नाही. आपल्या सोसायटीतही तसेच असते का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपल्या भाच्याने तिकडची पद्धत बरोबर सांगितली आहे. तेथे संपूर्ण इमारत एका कंपनीच्या मालकीची असते, घेणाऱ्याला तिचे भाग आणि त्या भागांना जोडलेला दीर्घ भाडेपट्टा मिळतो. दरमहाच्या आकारणीत इमारतीचा मालमत्ता कर आणि इमारतीवर काढलेल्या कर्जाचा हप्ताही असतो. संचालक मंडळ इच्छुकाची आर्थिक कागदपत्रे तपासते, मुलाखत घेते, आणि कायद्याने निषिद्ध ठरवलेला भेदभाव नसेल तर कारण न देताही नकार देऊ शकते.

आपल्याकडचा सांगाडा काही अंशी तसाच आहे. कन्व्हेयन्स झाल्यावर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होते आणि सभासदाकडे भाग व सदनिका वापरण्याचा हक्क राहतो. मात्र तो हक्क दुबळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रमेश हिम्मतलाल शहा प्रकरणात भागांसोबत येणारा सदनिका धारण करण्याचा हक्क ही हस्तांतरणीय मिळकत असल्याचे मान्य केले आहे. तो वारसाने मिळतो, विकता येतो, बँकेकडे तारण ठेवता येतो आणि त्याचा दस्त नोंदवला जातो. शिवाय आपला कायदा खुल्या सभासदत्वाचे तत्त्व मानतो. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकांकडे दाद मागता येते. मांसाहार, जात, धर्म, अविवाहित असणे अशा कारणांवरून समितीतील कोणी तोंडी नकार देत असेल, तर अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तरही लेखीच मागावे. लेखी उत्तर देण्याची वेळ आली की बहुतेक ठिकाणी असे नकार मागे घेतले जातात.

प्रश्न : मांडवी भागात समुद्राच्या अगदी जवळ एक सदनिका विकाऊ आहे. सीआरझेडमुळे काही अडचण येईल का? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : किनारपट्टी नियमनाची (सीआरझेडची) पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे, त्यानंतर २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या. समुद्राच्या भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा त्यांच्या कक्षेत येतो. इमारत १९९१ नंतरची असेल तर बांधकाम परवानगीत सीआरझेडचा विचार झाला होता का, हे मंजूर नकाशावरील अटींवरून पाहावे. कायदेशीर परवानगीने उभ्या असलेल्या इमारतीतील सदनिका विकत घेण्यास त्यामुळे बाधा येत नाही. परंतु पुढे-मागे इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, तर किती बांधकाम मिळेल यावर मर्यादा येऊ शकतात. म्हणून ‘पुनर्विकासात मोठे घर मिळेल’ या आशेवर वाढीव किंमत देऊ नये. खाऱ्या वाऱ्याने सळई गंजण्याबद्दल पहिल्या उत्तरात लिहिले आहे, ते मांडवीला दुपटीने लागू आहे.

प्रश्न : व्यवहार ठरला, पण सोसायटी ‘एनओसी’साठी अडीच लाख रुपये देणगी मागते आहे. ही रक्कम खरेदीदाराने द्यावी की विकणाऱ्याने? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कोणीही देऊ नये. सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटी जी रक्कम घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा शासनाने २००१ साली परिपत्रकाने ठरवून दिली असून ती महानगरपालिका क्षेत्रात पंचवीस हजार रुपये आहे, नगर परिषद आणि ग्रामपंचायत क्षेत्रात त्याहूनही कमी आहे. त्याशिवाय पाचशे रुपये हस्तांतरण शुल्क आणि शंभर रुपये प्रवेश शुल्क एवढेच घेता येते. देणगी, विकास निधी, इमारत निधी अशा कोणत्याही नावाने जास्तीची रक्कम सक्तीने मागता येत नाही. रक्कम कोणी भरायची हे विकणारा आणि घेणारा आपसांत ठरवतात आणि ते करारात लिहून ठेवणे बरे.

आदर्श उपविधींनुसार विकण्यासाठी सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची मुळात आवश्यकता नाही. सभासदाने पंधरा दिवस आधी विक्रीचा इरादा लेखी कळवायचा असतो. बँक कर्ज देताना असा दाखला मागते म्हणून तो घ्यावा लागतो, एवढेच. आपण विकणाऱ्याकडून विहित नमुन्यातील सूचना सोसायटीला द्यायला लावावी, थकबाकी नसल्याचा दाखला मागावा आणि अधिमूल्याची कायदेशीर रक्कम धनादेशाने, पावती घेऊन भरावी. समिती तरीही अडून बसली तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. तक्रारीसोबत देणगीची मागणी लेखी स्वरूपात जोडता आली तर काम सोपे होते, म्हणून सचिवांशी यापुढचे सर्व बोलणे पत्राने किंवा ई-मेलनेच करावे.